मताचा खर्च कोणाच्या नांवें?

यवतमाळाहून धामणगांवाकडे जाणाऱ्या मार्गावर बाभुळगांव आहे. तालुक्याचें ठिकाण, भोंवतीं कापसाचीं शेतें, आणि हंगामांत सर्वांचें लक्ष कापसाच्या भावाकडे. अशा गांवीं राजकारणाचीं मतें दुकानाच्या ओट्यावर निःसंकोच बोललीं जातात. परंतु तींच मतें माजघराचा उंबरठा ओलांडूं लागलीं म्हणजे बोलणारा एकाएकीं मुका होतो. सभेंत जातिभेदाविरुद्ध टाळ्या घेणारा तरुण घरीं गड्यासाठीं वेगळा ठेवलेला पेला पाहतो व स्वस्थ बसतो. विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें: मत माझें, पण घर वडिलांचें, आणि धर्म तर पूर्वजांचा!

हें उत्तर सर्वस्वीं लबाडीचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ह्याच उत्तराखालीं फार मोठीं माणसें वांकलेलीं आहेत. १८७३ सालीं माधवराव रानडे यांची प्रथम पत्नी निवर्तली. वय एकतीस, विधवाविवाहाचे ते उघड पुरस्कर्ते. वडिलांनीं अकरा वर्षांच्या मुलीशीं त्यांचें लग्न ठरविलें, आणि रानड्यांनीं विरोध करून शेवटीं पित्याच्या शब्दापुढें मान तुकविली. त्या मुलीस त्यांनीं स्वतः शिकविलें व रमाबाई रानडे ह्या पुढें सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, हें सर्व खरें. तथापि पितृभक्तीचें पुण्य रानड्यांच्या पदरीं जमा झालें, तर त्याचा खर्च कोणाच्या नांवें पडला? जिच्याशीं त्यांनीं विवाह करावयाचा, त्या कोणा अनाम विधवेच्या नांवें. आमचे व्यापारी वाचक जमाखर्चाची दुसरी बाजू पाहिल्यावांचून वही मिटीत नाहींत. मग येथेंच कां मिटावी?

ह्याउलट देव न मानणाऱ्या आगरकरांनीं पत्नी यशोदाबाई यांच्या व्रतवैकल्यांस आडकाठी केली नाहीं. त्यांत विसंगति नव्हती. आईची एकादशी व वडिलांची वारी ह्यांचा भार ज्यांचा तेच उचलतात. तेथें सुधारकानें नाक खुपसण्याचें कारण नाहीं. वेगळ्या पेल्याची गोष्ट निराळी. तो पेला तिसऱ्याच माणसाच्या हातीं दिला जातो.

आमच्या शेजारच्या वर्ध्याचें उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे, आणि तें एका सावकारी पेढीच्या घरांतलें आहे. शेठ बच्छराज यांनीं नातू म्हणून दत्तक घेतलेले जमनालाल बजाज सतरा वर्षांचे असतांना, एका लग्नसमारंभास दागिने घालून जाण्यावरून आजोबा व नातू यांत कलह झाला. आजोबा पैशावरून कांहीं लागट बोलले. जमनालालांनीं उलट उत्तर केलें नाहीं. संपत्तीवरील आपला हक्क सोडल्याचें नम्र पत्र लिहिलें व घर सोडलें. म्हाताऱ्यानें समजूत घालून त्यांस परत आणलें. मत राहिलें, आजोबाही राहिले. कारण त्या मताचा खर्च नातवानें स्वतःच्याच नांवें मांडला होता.

ह्याच आजोबांनीं वर्ध्यास लक्ष्मीनारायणाचें मंदिर बांधविलें होतें. जमनालाल निष्ठावंत वैष्णव. मंदिराकडे पाठ फिरविणें त्यांस सोपें नव्हतें, व जातिबांधव दुखावणें तर व्यापाऱ्यास कधींच सोपें नसतें. त्यांनीं मंदिरही सोडलें नाहीं व मतही सोडलें नाहीं. विश्वस्तांचीं मनें वळवून १९२८ सालीं तें मंदिर, ज्यांस अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवीत त्यांना, खुलें करविलें. सनातन्यांचा रोष अर्थात् त्यांच्या माथीं आला. मंदिर आजही उभें आहे.

परंतु ज्याच्या हातीं मंदिराची किल्लीच नाहीं, त्यानें काय करावें? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नीस (योगायोगानें नांव रमाबाईच) पंढरपुरास जाण्याची फार आस होती. जेथें विठ्ठल दुरूनच पाहावा लागणार तेथें जाणें नको, म्हणून पतीनें ती मान्य केली नाहीं. १९३५ सालीं त्या वारल्या; साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरीचें दार उघडलें तें १९४७ सालीं. ह्या माउलीची अपुरी राहिलेली यात्रा पतीच्या हट्टाच्या नांवें लिहूं पाहणारे आम्ही पाहिले आहेत. आमच्या मतें ती दार अडविणाऱ्यांच्या नांवें लिहिली पाहिजे. पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं धर्मच बदलला. घर, श्रद्धा व राजकारण ह्यांची फारकत त्यांनीं मानली नाहीं.

आतां घरचें पाहूं. हुंडा घेणें १९६१ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें आहे. तरीही व्यासपीठावर समतेचा उच्चार करणारा वर बैठकीच्या वेळीं खालीं मान घालून बसतो, व देण्याघेण्याचें वडील बोलतात. मध्यें पडणें म्हणजे वडिलांचा अपमान! रानड्यांचें उत्तर त्यास पाठ आहे. रानड्यांनीं नंतर घेतलेले श्रम नाहींत. त्या रकमेसाठीं मुलीच्या बापानें आपला कापूस भाव येण्याची वाट न पाहतां कोणत्या दरानें सोडला, हें बाजारांत बसणाऱ्या आमच्या वाचकांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे.