आडरानांतील वाटाड्या

आपण कोठें आहों हें प्रवाशास कळणें ही एक गोष्ट, आणि तो कोठें आहे हें त्याच्या घरच्या मंडळींस कळणें ही अगदीं निराळी गोष्ट. परंतु हल्लीं मोटारींत असणाऱ्या वाटाड्या-यंत्रांमुळें सुशिक्षितांच्याहि मनांत ह्या दोहोंची गल्लत होऊं लागली आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें आज अमेरिकेंत राहतात, व सुटींत तेथील ओसाड प्रदेश पाहावयास स्वतः मोटार हांकीत जातात. म्हणून हा विषय येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जी. पी. एस.चा विचार करूं. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपलें स्थान व अचूक वेळ रेडिओद्वारां अखंड सांगत असतात. तो संदेश येण्यास किती वेळ लागला ह्यावरून गाडींतील यंत्र उपग्रहाचें अंतर काढतें. रेडिओचे तरंग एका सेकंदांत सुमारें तीन लक्ष किलोमीटर जात असल्यामुळें सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी ३०० मीटरांचा फरक पडतो. यंत्रांतील साधें घड्याळ इतकें बिनचूक नसतें. ती उणीव भरून काढण्यासाठीं निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. पूर्वीं नागरी संदेशांत अमेरिकन सरकार मुद्दाम थोडी अशुद्धता मिसळीत असे. ती मे २००० मध्यें बंद झाली, आणि तेव्हांपासून आडरानांतील गाडीवाटहि ह्या यंत्रानें नीट ओळखूं येऊं लागली.

तथापि ह्या यंत्रास कान आहेत, तोंड नाहीं. तें उपग्रहाचें ऐकतें. उपग्रहास गाडीची कांहींच वार्ता नसते. शिवाय नकाशावरील प्रत्येक रेघ म्हणजे चालू रस्ता नव्हे. कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅली येथें १९१३ सालीं ५६.७ अंश सेल्सिअस उष्णतेची नोंद झालेली आहे. त्या भागांत बंद पडलेल्या खाणींकडे जाणाऱ्या अनेक जुन्या वाटा आहेत. २००९ च्या ऑगस्टमध्यें एक माता आपल्या लहान मुलासह तेथें वाळूंत अडकली. यंत्राच्या सांगण्यावरून ती आडवाटेस लागली होती, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. कित्येक दिवसांनीं मदत पोहोंचली तेव्हां मुलगा जिवंत नव्हता.

यंत्राची ही वाचेची उणीव हौशी रेडिओवाल्यांनीं भरून काढली आहे. अमेरिकेच्या नाविक प्रबोधिनींतील बॉब ब्रुनिंगा ह्यांनीं १९८४ मध्यें शंभर मैलांच्या घोडदौडींत घोडे कोठें पोहोंचले हें कळविण्यासाठीं लहानशा संगणकाची योजना केली. अशाच प्रयत्नांतून पुढें ए. पी. आर. एस. ही पद्धति सिद्ध झाली. हींत जी. पी. एस.नें काढलेलें स्थान गाडींतील रेडिओ दोन स्वरांच्या क्षणिक किलबिलीनें प्रक्षेपित करतो. उत्तर अमेरिकेंत त्याकरितां १४४.३९० मेगाहर्ट्झ ही एकच कंपनसंख्या ठरलेली आहे. डोंगरमाथ्यांवरील केंद्रें ती किलबिल ऐकून पुनः प्रक्षेपित करतात. एखादें केंद्र ती इंटरनेटवर पोहोंचवितें, आणि पुण्यांतील आजोबांसहि नातवाची गाडी नकाशावर ठिपक्याच्या रूपानें दिसूं शकते.

अर्थात् येथेंहि मर्यादा आहेत. परीक्षा देऊन परवाना मिळविल्याखेरीज हा रेडिओ बोलता करतां येत नाहीं. हौशी रेडिओवर गुप्त भाषा वापरण्यास मनाई असल्यानें आपला ठिपका सर्वांस दिसतो. एकाच कंपनसंख्येवर अनेकांची गर्दी होऊं नये म्हणून यंत्र वेगांत व वळणावर वारंवार बोलतें, थांबल्यावर क्वचित्. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, खोल दरींत तरंग डोंगरानें अडतात, आणि आपलें स्थान कोणीं ऐकलें कीं नाहीं ह्याची पोंच प्रवाशास मिळेलच असें नाहीं.

मग ठिपका थांबला तर घरच्यांनीं काय समजावें? मंडळी जेवावयास बसली असतील, डोंगराआड गेलीं असतील, किंवा संकटांतहि असतील. ह्याचा उलगडा ठिपका करीत नाहीं. तो निघण्यापूर्वीं ठरलेल्या बोलण्यानेंच होतो. कोणत्या वाटेनें जाणार, कोणत्या वेळेपर्यंत परतणार, आणि ती वेळ टळल्यास कोणत्या कचेरीस कळवावयाचें, एवढें लिहून घरीं ठेवावें. मोबाईलची सेवा नसलेल्या भागाचे नकाशे आधींच उतरवून घ्यावे, कागदी नकाशा जवळ बाळगावा, पाणी हिशेबापेक्षां पुष्कळ अधिक न्यावें, व गाडी अडकल्यास ती सोडून उन्हांत भटकूं नये; कारण माणसापेक्षां गाडी शोधणाऱ्यांस लवकर दिसते.

गांवीं जाणारा मनुष्य उंबऱ्यावर थांबून ‘अमक्या दिवशीं येतों’ असें वडील माणसांस सांगून निघतो. ही आपल्या घरांतील जुनी रीत कोणत्याहि यंत्रानें अनावश्यक झालेली नाहीं. यंत्र ठिकाण सांगेल. परंतु वेळ टळली हें ओळखून उठणारें माणूस घरींच असावें लागतें.