नऊ लाखांचा कव्हर आणि तुमचा पहिला पगारी माणूस



मध्यंतरी धुळ्यात आपलं शिबिर झालं. संध्याकाळी सगळं आवरून चहाच्या टपरीवर आलो, तर आपलेच चार-पाच जण तिथे तावातावाने भांडत होते. मला वाटलं, मुद्रा लोनचा विषय असेल, नाहीतर जीएसटीचा. पण चर्चा चालली होती प्रो कबड्डीच्या लिलावाची.

भांडण असं की, यांच्या आवडत्या संघाने लिलावात अगदी शेवटी, पैसे संपत आलेले असताना, एक कव्हर डिफेंडर घेतला. मूळ किंमत नऊ लाख, आणि तेवढ्यालाच घेतला. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. (संघ कोणता ते सांगत नाही, नाहीतर वाद पुन्हा सुरू होईल.) एक जण म्हणत होता, "काय भो, नऊ लाखात एखादा चढाईवाला पोरगा आला असता ना! याचे गुण बघ, अख्ख्या सीझनमध्ये वीस पण नाहीत." दुसरा म्हणाला, "याचे नको बघू. याच्या शेजारी जो कॉर्नर खेळतो ना, त्याचे बघ."

हे दुसरं वाक्य ऐकून मी चहा बाजूला ठेवला. कारण हाच प्रश्न त्या दिवशी दुपारी एका तरुणाने मला विचारला होता, फक्त कबड्डीचं नाव न घेता. त्याच्याकडे येतोच. आधी ज्यांनी कबड्डी लक्ष देऊन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

मैदानात सात जण असतात. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, म्हणजे कॉर्नर. त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक, म्हणजे कव्हर. चढाईवाला आत आला की बहुतेक वेळा कॉर्नर त्याचा घोटा किंवा मांडी धरतो. पण नुसता घोटा धरून भागत नाही. चढाईवाला लांब उडी घेतो, हात ताणतो, मधली रेषा शिवतो, आणि पकड करणारेच बाद होतात. त्या अर्ध्या सेकंदात कव्हर धावत येतो आणि अंग मध्ये घालून परतीची वाट बंद करतो. यालाच ब्लॉक म्हणतात. पण पकडीचा गुण जातो एकाच्याच नावावर. बहुतेक वेळा ज्याने आधी धरलं, त्याच्या. ब्लॉकवाल्याला मिळते टाळी, तीही कधीकधीच.

मग लिलावात काय होणार? आकडे बघून बोली लागते. ज्याच्या नावावर आकडा नाही, तो शेवटी उरतो.

आता तो तरुण. यावल तालुक्यातला. केळीचे वेफर्स करतो. घरामागच्या शेडमध्ये तळण चालतं, आई आणि गावातल्या दोन बाया हाताखाली आहेत. हा स्वतः मोटारसायकलवर जळगाव, एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत दुकानं फिरतो. साठेक दुकानं बांधलीत पठ्ठ्याने. मला म्हणाला, "सर, महिन्याला पंधरा हजार काढू शकतो, त्याच्यापेक्षा जास्त नाही. सेल्समन ठेवू का?" घरच्यांचं, मित्रांचं, सगळ्यांचं एकच मत होतं: विक्री वाढव, माणूस ठेव, दुकानं शंभर कर.

मी विचारलं, "रात्री पॅकिंग कोण करतं?"

"मीच. नऊपासून साडेअकरापर्यंत."

"माल परत किती येतो?"

इथे तो गप्प झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सील नीट बसत नाही म्हणून वेफर्स सादळतात. पाकिटं मोटारसायकलवर चेपतात. दुकानदार म्हणतो बदलून दे, हा देतो. वर काही ऑर्डरी वेळेत जातच नाहीत, कारण रात्री हात चालत नाहीत.

आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. त्याने सांगितलेले आकडे गोल करून इथे देतो, तुम्ही तुमचे घाला. साठ दुकानं, दर दुकानाची आठवड्याची सरासरी ७०० रुपये. महिन्याची विक्री १ लाख ६८ हजार. परत येणारा माल सहा टक्के, म्हणजे दहा हजारांचा. न पोचलेल्या ऑर्डरी दहा टक्के, म्हणजे जवळपास सतरा हजारांच्या, आणि त्यावरचा सुटणारा नफा वीस टक्क्यांनी साधारण ३,४०० रुपये.

आता पंधरा हजारांचा सेल्समन ठेवला, आणि त्याने वीस नवी दुकानं आणली असं धरू. विक्री वाढली ५६ हजारांनी. नफा ११,२००. त्यातून परतीचे सहा टक्के गेले, उरले ७,८००. पगार पंधरा, पेट्रोल वेगळं. आणि खरी मेख पुढेच आहे. पॅकिंग आजच पुरत नाही, मग वीस दुकानांचा माल रात्री भरणार कोण? न पोचलेल्या ऑर्डरी वाढणार, परतीही वाढणार.

उलट ११ हजारांत एक माणूस पॅकिंग, सील, मोजदाद आणि गाडी भरणं यासाठी ठेवला तर? परतीचा माल निम्मा झाला तर पाच हजार वाचतात. न पोचणाऱ्या ऑर्डरी पोचल्या की ३,४००. हे झाले ८,४००. पगारापेक्षा कमीच आहे, खोटं कशाला बोलू? पण याचे रात्रीचे अडीच तास सुटतात. सकाळी हा ताजातवाना निघतो आणि स्वतःच आठ दुकानं जास्त करतो. त्याचे साडेचार हजार धरले तर एकूण १२,९००. म्हणजे पगार जाऊन दीड-दोन हजार हातात. फार मोठी रक्कम नाही. पण दोन वाटांत फरक बघा: एकीकडे महिन्याला सात हजारांच्या वर खड्डा, दुसरीकडे थोडी का होईना शिल्लक.

लिलावातलं उदाहरण द्यायचं तर २०२३ चं घ्या. दहाव्या सीझनचा लिलाव ऑक्टोबरमध्ये मुंबईत झाला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा पाच कोटी. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत घेतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना. तो काय ताकदीचा चढाईपटू आहे हे सांगायला नको. पण अर्ध्याहून जास्त पैसा एका माणसावर गेला, आणि बाकी अख्खा संघ २ कोटी ३९ लाख ५० हजारांत बसवायचा होता. २२ सामन्यांत टायटन्स जिंकले दोन. तळाला राहिले. आता एवढ्या एकाच कारणाने हरले असं मी म्हणणार नाही, खेळात शंभर गोष्टी असतात. पण चढाईत गुण येत होते आणि मागून गळत होते, हे पाहणाऱ्याला दिसत होतं.

त्याच पवनची त्याआधीच्या सीझनची गोष्टही आठवा. तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन बाहेर गेला. लोक म्हणाले, संपला संघ. थलायवाज उपांत्य फेरीपर्यंत गेले.

आणि बचाववाल्याची किंमत वाढते कशी, तेही बघा. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई आठव्या सीझनसाठी पाटणा पायरेट्सला ३१ लाखांत मिळाला. त्या सीझनचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. दोन सीझननंतर त्यालाच आपल्या पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलं, आणि १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ ने हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. शादलुई घोटे धरणारा कॉर्नर आहे, त्याचे गुण तरी दिसतात. कव्हरच्या नशिबी बऱ्याचदा तेही नाही. म्हणून तर तो कधीकधी शेवटी, मूळ किमतीत मिळतो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत त्यांचा वेगळा फुटबॉल आहे. हातात चेंडू घेऊन पळायचं, अंगावर धडकायचं. त्यात टाइट एंड नावाची जागा असते. त्याची कामं दोन: चेंडू झेलणं, आणि समोरच्याला अंगाने अडवून आपल्या गड्याला वाट करून देणं. तिथे लिलाव नसतो, सात फेऱ्यांत पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. २०१७ मध्ये जॉर्ज किटल नावाचा पोरगा पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकाला निवडला गेला. कॉलेजच्या चार वर्षांत त्याने झेललेले पास फक्त ४८. अडवायचा मात्र जोरात. पुढच्याच वर्षी त्याने झेल घेऊन १,३७७ यार्ड काढले, तेव्हा त्या जागेवरचा तो विक्रम होता. अडवणाऱ्याला झेलता येतच नाही, हे लोकांनीच ठरवून टाकलं होतं.

पण थांबा. हे वाचून उद्या लगेच पॅकिंगवाला ठेवू नका. टपरीवरचा तो पहिला मुलगा पूर्ण चुकीचा नव्हता. शेवटच्या फेरीत घेतलेल्या बऱ्याच जणांची नावं पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाहीत. आणि ज्याच्याकडे दहाच दुकानं आहेत, त्याने मालाची राखण करणारा ठेवून काय करायचं? अडवायला आधी काहीतरी यायला पाहिजे. तुमची अडचण ऑर्डरीच नाहीत ही असेल, तर चढाईवालाच शोधा. बहुतेक वेळा तो चढाईवाला तुम्ही स्वतः असता, ही गोष्ट वेगळी.

आणि ओळखायचं कसं? चढाईवाला मुलाखतीत बोलतो, छान बोलतो. ब्लॉकवाला मुलाखतीत पडतो, कारण त्याला स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही सुचत नाही. म्हणून मी म्हणतो, मुलाखत घेऊच नका. आठ दिवस पगारी कामावर बोलवा. त्या आठ दिवसांत परत आलेली पाकिटं, चुकलेली मोजदाद आणि उशिरा निघालेला माल रोज लिहा. आधीच्या आठ दिवसांचेही हेच आकडे लिहून ठेवलेले हवेत, नाहीतर ताडून कशाशी बघणार? कबड्डीत मदतीला धावून केलेल्या ब्लॉकचा गुण बहुतेक वेळा ब्लॉकवाल्याच्या नावावर चढत नाही, पण तुमच्या वहीचे नियम तुमचे आहेत.

एक गोष्ट मालकाने मनाशी पक्की ठेवायची. असा माणूस चांगला निघाला की शेजारचा युनिटवाला त्याला हजार रुपये जास्त देऊन उचलतो. जळगाव एमआयडीसीत, दाल मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात कुणालाही विचारा. पाटण्याने ३१ लाखांत मिळवलेला माणूस शेवटी पुण्याकडे गेलाच की. तेव्हा सहा महिन्यांनी तो मागायच्या आधी तुम्हीच पगार वाढवा. वहीत आकडे असतील तर किती वाढवायचा हेही तिथेच दिसेल.

त्या तरुणाने काय केलं? शिबिरातून घरी जाऊन त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, गल्लीतला एक जण आहे, केळीच्या गाड्या भरायचा, पाठ दुखते म्हणून आता घरी बसतो. बोलत नाही फारसा. घड मात्र असे रचायचा की रावेरपासून गाडी निघाली तरी एक केळं दबायचं नाही. पगार ठरला साडेदहा हजार, जड उचलायचं नाही या अटीवर. सीलिंग मशीन टेबलावर उंच ठेवलं, म्हणजे वाकावं लागत नाही.

पहिल्या आठवड्यात परतीची पाकिटं एकशे दहावरून बहात्तरवर आली, असा त्याचा फोन आला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा नव्वद झाली, कारण मधेच पाऊस आला आणि शेडला एका बाजूने ताडपत्री नव्हती. ताडपत्रीचे अठराशे रुपये कुठल्या खात्यात टाकू, हे त्याने विचारलं होतं. पुढच्या महिन्यात धुळ्याला येतोय, तेव्हा वही घेऊन ये म्हणालोय.