थर्मो, फ्लुइड आणि नहाणी ट्रॅप

सकाळी ६.३०

पुण्यातल्या आमच्या पीजीत सगळ्यांत मिळून एक बाथरूम आणि एक गिझर. गिझर १५ लिटरचा, २ किलोवॉटचा. नळाचं पाणी २५ अंशांवर धरलं आणि ते ५० पर्यंत न्यायचं म्हटलं, तर साधारण १,५७० किलोज्यूल लागतात, म्हणजे तेरा मिनिटं. दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या माणसाला हा हिशेब ऐकायचा नसतो. तो फक्त कडी वाजवतो.

सकाळी ८.००

मेकॅनिकलचं दुसरं वर्ष, पहिलं लेक्चर थर्मोचं. सर आज कार्नोवर आले. कुठल्याही उष्णता-इंजिनाच्या कार्यक्षमतेला एक वरची मर्यादा असते, हे या तरुण फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली मांडलं. गंमत अशी, की उष्णता म्हणजे एक वाहणारा पदार्थ आहे अशी त्या काळची समजूत होती आणि कार्नोही तीच धरून चालला होता. पाणचक्कीवर पाणी उंचावरून पडतं, तशी उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे पडते आणि काम करते, असं त्याचं चित्र. पाया चुकीचा, निष्कर्ष पक्का! पेपरात यावर अर्धा मार्कही नाही. मला मात्र एवढंच लक्षात राहतं.

मग एन्ट्रॉपी. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था." सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "किती अव्यवस्था? युनिट सांग." वर्ग गप्प. उरलेला वेळ स्टीम टेबलमध्ये बोट घालून इंटरपोलेशन करण्यात गेला.

सकाळी १०.१५

एफएमचं, म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्सचं प्रॅक्टिकल, रेनॉल्ड्सचा प्रयोग. मँचेस्टरला ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली होती. आमच्याकडे पोटॅशियम परमँगनेट असतं, जांभळं. झडप जराशी उघडी असली की धागा सरळ, ताणून धरल्यासारखा जातो. आणखी उघडली की थरथरतो, आणि एका क्षणी सगळी नळी जांभळी होते. पुस्तकात लिहिलंय, रेनॉल्ड्स अंक २००० च्या खाली प्रवाह शिस्तीत, ४००० च्या वर खळबळीचा. मधलं काय? तिथे टेबलाला कोण टेकलंय यावरही उत्तर बदलतं. म्हणूनच लॅबमधले मामा आधीच दम देतात, "लांब उभं राहा रे, टेकू नका." मामांनी एफएमचा पेपर कधी दिलेला नाही, पण त्यांना जे ठाऊक आहे ते आमच्या जर्नलात कुठेच येत नाही. जर्नलात सगळ्यांची रीडिंग सारखी आणि शंका यावी इतकी सुबक असतात.

दुपारी १२.४५

कँटीन. मिसळीतला रस्सा आज पातळ होता.

दुपारी २.००

बिल्डिंग सर्व्हिसेस. हा विषय आम्ही ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेतला. मित्रांनी 'प्लंबिंग शिकतोय' म्हणून बरीच चेष्टा केली. वर्गात निम्मे सिव्हिलवाले, निम्मे आम्ही. शिकवणाऱ्या मॅडम आधी साइटवर होत्या, त्यामुळे 'समजा' हा शब्द त्या सहज चालवून घेत नाहीत. थर्मोच्या पेपरात 'दिलेले आहे' या शब्दांखाली सगळं मिळतं. इथे काहीच दिलेलं नसतं. बारा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, बस्स. घरटी पाच माणसं आपणच धरायची, माणशी दिवसाला १३५ लिटर हा प्रचलित आकडा घ्यायचा आणि ३२,४०० लिटरवर पोचायचं. मग टाकी वर किती आणि खाली किती? पाणी एकच वेळ येत असेल तर? वरच्या टाकीपासून तळमजला ३६ मीटर खाली, म्हणजे तिथल्या नळावर साडेतीन बारचा दाब. बाराव्या मजल्यावर मात्र शॉवरमधून नुसती टिपटिप. एकाच पाइपावर दोन तक्रारी, त्याही उलट्या.

मग मॅडमनी फळ्यावर नहाणी ट्रॅप काढला आणि पुढचा पाऊण तास त्यातच गेला. न्हाणीघराच्या जाळीखालच्या या भांड्यात ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहतं. गटाराची हवा आणि आपलं घर यांच्यामध्ये एवढाच पडदा. त्याचा दाब काढला तर ४९० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्का! वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला की उभ्या पाइपातून पाणी सुसाट खाली येतं, त्याच्यामागे हवा ओढली जाते, आणि हा अर्धा टक्का शोषून न्यायला तेवढी ओढ पुरते. म्हणून इमारतीच्या पाठीमागून गच्चीच्याही वर गेलेला व्हेंट पाइप. आजवर तो मला उगाचच वाटायचा. आणि घर महिनाभर बंद असेल तर ओढीचीही गरज नाही. पाणी वाफ होऊन जातं. शंभर अंशांना पाणी उकळतं हे शाळेतच शिकवतात, पण तीस अंशांनाही ते गुपचूप उडत असतं, ते बाष्पदाबामुळे. त्यासाठी थर्मोचीच वही उघडावी लागते.

टाइमटेबलवर हे विषय तीन वेगळ्या चौकोनांत आहेत, तीन वेगळे सर-मॅडम ते शिकवतात आणि एकमेकांचं नावही घेत नाहीत. शंभर-दीडशे रुपयांच्या भांड्यात तिन्ही एकत्र बसलेले आहेत. विद्यापीठाने अभ्यासक्रम या भांड्यापासून सुरू करावा, असं माझं मत आहे. ते कुणी विचारलेलं नाही.

दुपारी ४.३०

लायब्ररी. सायक्रोमेट्रिक तक्त्यावर गणितं. लॅबबाहेर घेतलेलं मार्चमधलं रीडिंग: कोरडा थर्मामीटर ३६, ओला २०. आर्द्रता वीस-पंचवीस टक्के निघते. कूलर हवेला ओल्या थर्मामीटरच्या खाली नेऊ शकत नाही, पण इथे सोळा अंशांचं अंतर आहे, म्हणून पुण्यात कूलर चालतो. मुंबईत मे महिन्यात हे अंतर फार थोडं उरतं, आणि लोक कंपनीला शिव्या देतात. एक बारीक गोष्ट: तक्ता समुद्रसपाटीसाठी छापलेला असतो. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास आणि पाणी ९८ अंशांना उकळतं. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील की मिळतील, यावर आमच्यात वाद आहे.

रात्री ८.३०

आईचा फोन. गावाकडच्या घरातली मागची न्हाणी वापरात नाही, तिथून वास येतो, माणूस बोलवायचा का? म्हटलं, "थांब, आधी जाळीत तांब्याभर पाणी ओत. वर दोन चमचे तेल सोड, म्हणजे पाणी लवकर उडणार नाही."

"कुठलं तेल?"

"कुठलंही. शिळं चालेल."

"बरं. जेवलास का?"

रात्री १०.३०

रूममेट कोडिंगचे प्रश्न सोडवतोय. सॉफ्टवेअरचं पॅकेज बघता तो चुकीचं करतोय असं म्हणायची माझी हिंमत नाही. माझ्यासमोर मॅडमची असाइनमेंट: फ्लॅटला अर्धा इंची लाइन द्यायची की पाऊण इंची, कारणासह लिहा. घर्षणाने जाणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तेवढंच पाणी अर्धा इंचीतून न्यायचं तर पाऊण इंचीच्या साडेसातपट दाब खर्च होतो. बिल्डर दोन पाइपांच्या किमतीतला फरक बघतो, बाराव्या मजल्यावरच्या आजी शॉवर बघतात. मी पाऊण इंची लिहिलं, आणि खाली मॅडमसाठी एक प्रश्न: तळमजल्याला अर्धा इंची दिली तर तिथला जादा दाब तिथेच खर्ची पडेल का? सबमिशन उद्या दहाला.