‘ताठ बस’ म्हटल्याने पाठ ताठ होते का?



“अरे, पोक काढू नकोस, ताठ बस!” हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? मूल ताठ बसतं आणि दोन मिनिटांत पुन्हा वाकतं. मी बरीच वर्षं याला आळस समजत होते. माझीच कंबर धरली तेव्हा डोळे उघडले.

दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं, रात्री मान खाली घालून वह्या तपासायच्या. कंबर दुखू लागली तशी मोबाईलवर व्हिडिओ बघून पिलाटीज सुरू केलं. उताणं झोपून डोकं आणि दोन्ही पाय एकदम उचलायचे, असा एक व्यायाम होता. चौथ्या दिवशी पडलेला खडू उचलता येईना! शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्या हसून म्हणाल्या, “बाई, व्यायाम वाईट नाही. तुम्ही पहिलीच्या मुलाला दहावीचं गणित दिलंत.”

कोअर म्हणजे काय?

कोअर म्हणजे पोटावर दिसणाऱ्या घड्या नव्हेत. एक डबा डोळ्यांसमोर आणा. वरचं झाकण म्हणजे श्वासपटल आणि तळ म्हणजे ओटीपोटाखालचे स्नायू. पुढून आणि बाजूने पट्ट्यासारखा गुंडाळलेला पोटाचा खोल स्नायू, आणि मागे मणक्यांना धरून ठेवणारे छोटे स्नायू. हे सगळे मिळून कण्याला आधार देतात. हे दमले की शरीर वाकतं, म्हणून नुसती सूचना पुरत नाही. स्नायूंना सवय आणि ताकद दोन्ही लागते.

हे आलं कुठून?

जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी ते फार आजारी असत. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून ते इंग्लंडमध्ये नजरकैदेत होते. तिथे त्यांनी आपली व्यायामपद्धत घडवली. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. ते स्वतः या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. हालचाल सावकाश, श्वासाबरोबर आणि ताब्यात ठेवून करायची, हा तिचा गाभा.

मग फिजिओथेरपिस्ट कशाला?

कारण प्रत्येकाची पाठ वेगळी. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना जोरात पुढे वाकण्याचे व्यायाम धोक्याचे ठरू शकतात. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू आधी तपासावे लागतात. मणक्याची चकती सरकलेल्या व्यक्तीचं वेळापत्रक आणखी निराळं. फिजिओथेरपिस्ट आधी तपासतात, मग सोप्याकडून अवघडाकडे नेतात. आपण पाठ शिकवतो तसंच की!

मला पहिले काही दिवस एवढंच दिलं होतं: उताणं झोपून गुडघे वाकवायचे, तळवे जमिनीवर. श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं, श्वास न रोखता ५ आकडे मोजायचे, सोडायचं. हे जमल्यावर एकेक पाऊल उचलायचं. दिसायला सोपं, पण नीट करताना घाम फुटला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. पिलाटीज म्हणजे जादू नव्हे. कंबरदुखीत काहीच न करण्यापेक्षा ते उपयोगी पडतं, पण बाकीच्या व्यायामांपेक्षा सरस आहे असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. जो व्यायाम नेमाने होईल तोच आपला.

हे मात्र अंगावर काढू नका

पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, ताप आला, पडल्यानंतर पाठ दुखू लागली, तर आधी डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

* प्रत्येक तासाला मुलांना एकदा उभं करा, हात वर ताणू द्या.
* बाकावर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या.
* दप्तराचं वजन करा. २०२० च्या दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं. ३० किलोच्या मुलाला ३ किलो, बस्स.

आता वर्गात कुणी वाकून बसलं की मी ओरडत नाही. “चला, सगळे उभे राहा,” म्हणते, आणि मीही त्यांच्याबरोबर हात वर ताणते. तुम्हीही उद्या करून बघा.