नाव एकाचं, खोट दुसऱ्याची

कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीपेक्षा चांगलाच वेळ लागतो. लॉग-इन झाल्यावर पाहावं तर खालचा काचेसारखा टास्कबार गायब आणि त्याच्या जागी विंडोज २०००च्या जमान्यातली राखाडी पट्टी. मग उजव्या कोपऱ्यातून फुगा वर येतो: ‘सिस्टिम इव्हेंट नोटिफिकेशन सर्व्हिस’शी विंडोजचा संपर्क होऊ शकला नाही, त्यामुळे साध्या वापरकर्त्यांना लॉग-इन करता येणार नाही. ज्यांनी विंडोज सेव्हन वर्षानुवर्षं वापरलं, त्यांच्यातल्या पुष्कळांना हा फुगा कधी ना कधी भेटलेला आहे. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याचं निदानही ठरलेलं: ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’

फॉरमॅट मारल्यावर फुगा जातो, हे खरं. पण बॅकअप नसेल तर त्याच्यासोबत टॅलीचा डेटा आणि मुलाच्या बारशाचे फोटोही जातात. बिघाड नेमका कुठे होता, ते मात्र शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही.

‘सर्व्हिस’ म्हणजे पडद्यावर न दिसता मागे चालणारा प्रोग्राम. विंडोजमध्ये अशा शंभराहून जास्त सर्व्हिसेस नोंदलेल्या असतात. कोणी छपाईची रांग सांभाळते, कोणी आवाज, कोणी घड्याळ जुळवते, कोणी अपडेट आणते. त्यांचं आपसातलं बरंचसं बोलणं ‘रिमोट प्रोसीजर कॉल’, म्हणजे आरपीसीच्या मार्फत होतं. ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी उभारायची, ते झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ सालच्या शोधनिबंधात मांडलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं काम आपल्याच कॉम्प्युटरवर असल्यासारखं सांगता यावं, ही त्यामागची कल्पना. विंडोज तीच रीत एका यंत्राच्या पोटातही वापरतं. म्हणून इंटरनेट बंद असतानाही ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं बजावलं जातं. संपर्क तुटलेला असतो तो घरातल्या घरात.

फुग्यात जिचं नाव येतं त्या सर्व्हिसचं काम खबर देण्याचं. कोणी लॉग-इन केलं, स्क्रीन लॉक झाली, नेटवर्क आलं किंवा गेलं, लॅपटॉप चार्जरवरून बॅटरीवर आला, हे ती इतर प्रोग्रामना कळवते. लॉग-इनची व्यवस्था पाहणारा ‘विनलॉगऑन’ ज्या मोजक्या सर्व्हिसेसना त्या वेळी हाक मारतो, त्यांत ही एक. तिच्याकडून ओ आली नाही, की ठरलेल्या साच्यात तिचं नाव घालून फुगा सोडला जातो. मूळ इंग्रजी संदेशात ‘सर्व्हिस’ हा शब्द लागोपाठ दोनदा येतो तो त्यामुळेच, एक नावातला आणि एक साच्यातला. ‘ग्रुप पॉलिसी क्लायंट’ने उत्तर दिलं नाही तरी वाक्य तेच, फक्त नाव बदलतं. म्हणजे फुग्यावरून कळतं ते एवढंच, की कोण गप्प आहे. का गप्प आहे, ते शोधणं आपल्याकडे.

त्यासाठी खाली उतरावं लागतं. ही सर्व्हिस ‘कॉम प्लस इव्हेंट सिस्टिम’ नावाच्या दुसऱ्या सर्व्हिसवर उभी असते, ती आरपीसीवर, आणि आरपीसी आणखी दोघींवर. दहीहंडीत वरचा गोविंदा पडलेला सगळ्यांना दिसतो. पाय मात्र खालच्या थरातल्या कोणाचा तरी सरकलेला असतो. विंडोज सेव्हनवरच्या या फुग्यामागे बऱ्याचदा बिघाड निघायचा तो ‘विनसॉक’मध्ये. प्रोग्राम नेटवर्कशी बोलतात ते या विनसॉकमधून. काही अँटिव्हायरस आणि फुकटचे टूलबार त्या वाटेत स्वतःची फाइल घुसवत. सॉफ्टवेअर काढलं की फाइल जाई, विनसॉकच्या यादीतलं नाव मात्र कधीकधी मागे राही. उपाय तीन शब्दांचा: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करायची आणि मशीन रिस्टार्ट करायचं. यादी मूळपदावर येते. अनेक मशीन एवढ्यावर सुटली. फॉरमॅटचे पैसे आधीच देऊन बसलेल्यांनी हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं.

आरपीसीलाच धक्का बसला तर काय होतं, हे ऑगस्ट २००३ मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म आरपीसीतल्या एका त्रुटीतून घुसत होता. समोरचं मशीन विंडोज २०००चं आहे की एक्सपीचं, हे तो अंदाजानं ठरवी. अंदाज चुकला की आरपीसी कोसळे आणि पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई. ही मोजणी व्हायरसची करामत, असाच लोकांचा समज होता. खरं तर ती विंडोजचीच होती: आरपीसी बंद पडली तर एका मिनिटानं कॉम्प्युटर रिस्टार्ट करायचा, असं तिथे नेमूनच दिलेलं आहे. आजही सर्व्हिसेसच्या यादीत आरपीसीवर डबल-क्लिक करून ‘रिकव्हरी’ टॅब पाहा, ही नेमणूक दिसेल. तिथलं ‘स्टॉप’ बटण पुसट असतं, दाबता येत नाही. आणि ब्लास्टरनं वापरलेली त्रुटी बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १६ जुलैलाच दिलेला होता. बहुतेकांनी तो टाकलाच नव्हता.

विंडोज सेव्हनमध्ये कितीतरी सर्व्हिसेस एकाच ‘एसव्हीसीहोस्ट’ प्रक्रियेत दाटीवाटीनं राहत, त्यामुळे एक कोसळली की शेजारणीही जात. २०१७ सालच्या विंडोज १०च्या अपडेटपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर बहुतेकींना स्वतंत्र जागा मिळते. पण एकमेकींवरचं अवलंबून राहणं सुटलेलं नाही. एरर १०६८ म्हणजे जिच्यावर ही सर्व्हिस उभी आहे तीच सुरू झाली नाही. १०५३ म्हणजे सर्व्हिसनं ठरलेल्या वेळात, एरवी ३० सेकंदांत, उत्तर दिलं नाही.

मग करायचं काय? आधी रिस्टार्ट, आणि तो ‘रिस्टार्ट’ दाबूनच. विंडोज ८पासून बहुतेक मशीनवर ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असतं. ‘शट डाऊन’ केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि सर्व्हिसेस आहेत त्या स्थितीत डिस्कवर उतरवून ठेवल्या जातात आणि सकाळी तशाच परत उचलल्या जातात. रुसलेली सर्व्हिस रुसलेलीच उठते. ‘बंद करून चालू केला, तरी तेच’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

एवढ्यानं भागलं नाही तर रन खिडकीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा. सर्व्हिसच्या ‘डिपेन्डन्सीज’ टॅबमध्ये दोन याद्या असतात. वरच्या यादीत ती कोणावर उभी आहे, खालच्या यादीत तिच्यावर कोण. वरच्या यादीतलं एकेक नाव चालू आहे का ते पाहायचं. सोबत इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘सिस्टिम’च्या नोंदी बघायच्या. ७००१ क्रमांकाच्या नोंदीत कोण कोणामुळे अडलं, ते नावानिशी लिहिलेलं असतं. ताजी नोंद सगळ्यात वर असते, आणि घाईत लोक तीच वाचतात. मूळ कारण खाली असतं, बूट झाल्यानंतरच्या पहिल्या काही लाल नोंदींत.

प्रिंटरची तक्रार मात्र सोपी. अर्धवट अडकलेलं एक काम ‘प्रिंट स्पूलर’ला गुदमरवू शकतं. स्पूलर थांबवा, सिस्टिम ३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरातलं ‘प्रिंटर्स’ रिकामं करा, स्पूलर सुरू करा. दर कामाच्या तिथे दोन फाइली असतात, एकीत मजकूर आणि दुसरीत त्या कामाचा तपशील.

‘या दहा सर्व्हिसेस बंद करा, पीसी सुसाट’ असं सांगणारे व्हिडिओ मी तरी सरळ त्रासाच्या खात्यात टाकेन. वाचणारी रॅम नगण्य असते, आणि महिन्याभरानं येणाऱ्या १०६८चा संबंध त्या दुपारच्या उद्योगाशी आहे, हे तोवर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

एक सावधगिरी. एररचे शब्द इंटरनेटवर शोधताना काही पानं पडदा व्यापून भोंगा वाजवतात आणि ‘सपोर्ट’चा फोन नंबर देतात. पलीकडचा भामटा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतो आणि लाल नोंदी दाखवून घाबरवतो. धडधाकट मशीनवरही थोड्याफार लाल नोंदी असतातच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. दिसला तर लावू नका. लावून पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदत क्रमांक १९३० आहे. तिथे जितक्या लवकर फोन कराल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.