बस ठरवली, पण भाडे कुठे ठरले?

लग्नाची तारीख निघाली, कार्यालय मिळाले, आचाऱ्याला विसार दिला, पत्रिका छापून आल्या. मग घरात एक दिवस वराचे काका विचारतात, "वऱ्हाडाचं काय? बस सांगितली का?" कोणीतरी म्हणते, "सांगितली की! किलोमीटरला साठ रुपये म्हणालाय." सगळे निश्चिंत होतात. जाऊन-येऊन किलोमीटर किती, त्याला साठने गुणायचे, झाला हिशेब!

पण हा हिशेब लग्नानंतर चुकतो. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सवाला बिल घेऊन दारात उभा राहतो आणि आकडा ऐकून घरातला आनंद ओसरतो. "आम्ही एवढे किलोमीटर फिरलोच नाही!" असे म्हणून वाद सुरू होतो. बहुतेक वेळा ट्रॅव्हल्सवाल्याने लबाडी केलेली नसते. बसचे भाडे कसे मोजतात, हे ठरवताना कोणी विचारलेलेच नसते.

समजा, मुलगा नाशिकचा आहे आणि मुलगी इंदूरची. मराठी घरांना हा रस्ता नवा नाही. होळकरांच्या काळापासून दोन्हीकडची नाती जुळत आली आहेत. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडने इंदूर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. शुक्रवारी पहाटे पाचला निघायचे, शनिवारी लग्न, रविवारी परत. जाण्यायेण्याचे ८५० किलोमीटर, इंदुरात उतरण्याच्या जागेपासून कार्यालयापर्यंतच्या फेऱ्या आणि राजवाडा, खजराना गणपती मिळून ३०, आणि बस गॅरेजमधून घरापर्यंत येण्या-जाण्याचे २०. एकूण ९००. हिशेबाच्या सोयीसाठी साठ रुपयांचाच दर धरला, तर ५४,००० रुपये. (दर गावागणिक, हंगामागणिक आणि गाडीगणिक बदलतो, इथे तो केवळ गणितासाठी आहे.)

यातले ते २० किलोमीटर पुष्कळांना खटकतात. "गाडी रिकामी आली, त्याचे पैसे आम्ही का द्यायचे?" पण या धंद्याची रीतच अशी आहे, की मीटर गॅरेजमधून सुटल्यापासून गॅरेजमध्ये परत जाईपर्यंत धरतात. गॅरेज शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर हाच आकडा साठ-सत्तरवर जातो. केवळ सोडायला बस सांगितली, तरी परतीच्या रिकाम्या फेरीचे भाडे लागते. म्हणून एकेरी प्रवासाला बस घेणे परवडत नाही.

रात्री दहाला निघण्याची किंमत

आता त्याच वऱ्हाडातल्या कोणा हौशी मंडळींनी सुचवले, की पहाटे उठण्यापेक्षा गुरुवारी रात्री दहालाच निघू. झोपेत प्रवास होईल, सकाळी इंदूर. कल्पना छान वाटते. किलोमीटर तेवढेच, म्हणजे भाडेही तेवढेच, असे सगळे धरून चालतात.

भाडे तेवढेच राहत नाही. बाहेरगावी जाणाऱ्या बसला रोजचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, पुष्कळ ठिकाणी ३००. बस त्याहून कमी धावली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. शिवाय दिवस मोजतात तो चोवीस तासांचा नव्हे, कॅलेंडरचा. रात्री बाराला एक दिवस संपतो, दुसरा सुरू होतो. शुक्रवार, शनिवार, रविवार हे तीन दिवस म्हणजे ९०० किलोमीटर. ते आपण धावणारच आहोत. पण गुरुवारी रात्री दहाला बस दारात आली, की त्या दोन तासांचा चौथा दिवस धरला जातो. चार दिवसांचे १,२०० किलोमीटर, म्हणजे ७२,००० रुपये. दोन तास आधी निघण्याची किंमत १८,००० रुपये! चाळीस माणसांत वाटली तर माणशी साडेचारशे.

परतीच्या वेळीही हेच होते. रविवारी रात्री अकराला पोचायचे, तर वाटेत ढाब्यावर गप्पा रंगल्या आणि घरी पोचायला साडेबारा वाजले. सोमवार लागला. काही वाहनमालक तासा-दोन तासांची सवलत देतात, पण ती आधी बोलून घेतली असेल तर. नंतर मागितली, तर ती मेहेरबानी होते.

किमान किलोमीटरचा हिशेब रोजच्या रोज करणार की सगळ्या दिवसांची सरासरी धरणार, हेही आधीच विचारावे. आपल्या उदाहरणात बस शनिवारी लग्नाच्या मांडवाबाहेर दिवसभर उभी असणार. रोजचा हिशेब धरला, तर उभ्या गाडीचे ३०० किलोमीटर लागतील आणि शुक्रवार-रविवारचे प्रत्यक्षातले जादा किलोमीटर त्यावर वेगळे चढतील. सरासरी धरली तर दोन्ही एकमेकांत मिटतात. आणि चार दिवसांचे पैसे भरावेच लागले, तर निदान ते वाया जाऊ देऊ नयेत. इंदूरहून उज्जैन ५५ किलोमीटरवर आहे. महाकालेश्वराचे दर्शन घेऊन आले तरी भाड्यात एक रुपया वाढत नाही, कारण ते किलोमीटर आधीच विकत घेतलेले असतात. ही गोष्ट पुष्कळ वऱ्हाडांना घरी पोचल्यावर कळते!

भाड्यावर चढणारे इतर खर्च

५४,००० हा झाला गाभा. त्यावर चालक आणि क्लीनर यांचा रोजचा भत्ता, टोल, पार्किंग आणि जीएसटी. डिझेलसह भाड्याने घेतलेल्या बसवर बहुतेक वाहनमालक पाच टक्क्यांनी कर लावतात. ५४,००० वर तो २,७०० होतो. भत्त्याचे तीन दिवसांचे ३,०००, टोल-पार्किंगचे ६,००० धरले, तर बेरीज ६५,७०० वर जाते. बसला टोल मोटारीएवढा नसतो, तो दोन आसांच्या ट्रकच्या बरोबरीने लागतो. ही गोष्ट स्वतःच्या गाडीने फिरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

वातानुकूलित बस घेतली असेल तर आणखी एक कलम निघते. गाडी उभी असताना मुलांना उकडते म्हणून तासन्‌तास एसी चालू ठेवला, तर डिझेल जळते आणि मालक त्याचे पैसे मागू शकतो. घाटात एसी बंद करणार का, तेही विचारून ठेवलेले बरे.

राज्याची हद्द ओलांडताना परवान्याचा प्रश्न येतो. पूर्वी प्रत्येक राज्याच्या नाक्यावर थांबून कर भरावा लागे आणि ती पावती प्रवाशांच्या बिलात येई. एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारने पर्यटक वाहनांसाठी संपूर्ण देशाचा एकच परवाना ऑनलाइन देण्याची योजना आणली. २०२३ मध्ये तिचे नियम नव्याने केले गेले. ज्या बसला हा परवाना आहे, तिला प्रत्येक राज्याचा वेगळा कर भरावा लागत नाही. पण सगळ्याच बसना तो नसतो. केवळ आपल्या राज्याचा परवाना असलेल्या बससाठी परराज्याचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. तो खर्च कोणाचा, हे निघण्याआधी ठरलेले असावे. सेंधव्याजवळ भर उन्हात बस थांबवून, नवरदेवाला खाली बसवून त्यावर चर्चा होऊ नये.

याच संदर्भात प्रवाशांच्या यादीचे महत्त्व आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार कराराने घेतलेली बस वाटेत करारात नसलेले प्रवासी घेऊ शकत नाही. धुळ्याला चढणारे मावसकाका यादीत हवेत. नाहीतर तपासणीत ते अनोळखी प्रवासी ठरतात.

रिकाम्या खुर्च्या

बिलाचा आकडा एकदा मान्य झाला, तरी माणशी किती हा प्रश्न वेगळाच. सहल असो की वऱ्हाड, सांगताना चाळीस जण "येतो" म्हणतात. ६५,७०० ला चाळीसने भागले की साडेसोळाशेच्या आसपास येतात. निघायच्या दिवशी कोणाच्या मुलाची परीक्षा निघते, कोणाची कंबर धरते, आणि बसमध्ये एकोणतीस जण चढतात. तेच बिल आता माणशी सव्वाबावीसशेच्या पुढे गेले. वर्गणीच्या सहलीत तर यावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. म्हणून सोसायटीची किंवा महिला मंडळाची सहल असेल, तर बस ठरवण्यापूर्वी प्रत्येकाकडून निम्मे पैसे घ्यावेत. पैसे दिलेला माणूस सहसा गळत नाही. आणि तीसच माणसे असतील, तर पन्नास आसनी बसऐवजी मिनीबस पाहावी.

महाराष्ट्रातच फिरायचे असेल तर एसटीचा पर्याय विसरू नये. आगारात आगाऊ पैसे भरून 'प्रासंगिक करारा'वर अख्खी बस मिळते. शाळांच्या सहलींना त्यात निम्मी सवलत आहे. मात्र मंडळात बायकाच जास्त असतील, तर एक वेगळे गणित करून पाहावे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ते लागतच नाही. करारावर घेतलेल्या बसमध्ये माणशी तिकीटच नसल्याने या सवलतींचा उपयोग होत नाही. नेहमीच्या गाडीचे आरक्षण केले, तर ते कधीकधी निम्म्याहून स्वस्त पडते. आषाढीला तर गावातून चाळीसहून जास्त वारकऱ्यांनी एकत्र मागणी केल्यास थेट गावातूनच पंढरपूरला बस देण्याची सोय एसटीने अलीकडच्या वर्षांत केली होती.

खासगी बसचा दर हंगामावर अवलंबून असतो. तुळशीचे लग्न लागले की बस महागतात. मुहूर्ताच्या दिवशी एकाच गावातून दहा वऱ्हाडे निघतात आणि मग जी बस मिळेल ती घ्यावी लागते. तीच बस चातुर्मासात मालक स्वतःहून कमी दरात देतो.

एका ठिकाणी काटकसर नको

घासाघीस जरूर करावी, पण ती चालकाच्या झोपेवर करू नये. वऱ्हाडी कार्यालयात गाद्यांवर लोळत असतात, तेव्हा चालकाची सोय कोणी पाहिलेली नसते. तो बसमध्येच, डासांत, मांडवातल्या लाउडस्पीकरखाली पडून राहतो, आणि रात्री जेवणे आटोपली की "आता निघूया" म्हणून त्याला उठवतात. मुक्कामाचा खर्च वाचला, म्हणून सगळे खूश!

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे ठरवले होते. लांबच्या प्रवासात ते फार तर दहा तासांपर्यंत जाऊ शकत होते. सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागे. नाशिक-इंदूर प्रवास बसला वाटेतल्या थांब्यांसह नऊ-दहा तास सहज घेतो. म्हणजे रात्रभर बस चालवून आलेल्या माणसाला त्याच दिवशी परत फिरवणे कायद्यात बसत नाही. रात्रीचा प्रवास करायचाच असेल, तर दुसरा चालक मागावा आणि त्याचा भत्ता खुशाल द्यावा. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे पुण्यातला कार्यक्रम आटोपून मुंबईकडे परतणाऱ्या वादकपथकाची खासगी बस खोपोलीजवळ बोरघाटात दरीत कोसळली आणि १३ जण गेले. प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असते. पण कार्यक्रम संपताच अपरात्री घाट उतरायला निघणे आपल्याला टाळता येते.

गाडीची कागदपत्रे पाहायला संकोच करू नये. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असावीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण ती भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. फिटनेस आणि विम्याची मुदत एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून घरबसल्या पाहता येते. विसार देताना पावतीवर तो नंबरही लिहून घ्यावा. मध्यस्थामार्फत ठरवलेली बस पुष्कळदा तिसऱ्याच माणसाची असते. फोटोत पडदे लावलेली नवी लक्झरी दाखवतात आणि दारात येते ती फाटक्या सीटची. वाटेत बंद पडली तर दुसरी गाडी कोण आणि किती वेळात देणार, हेही त्याच कागदावर यावे.

आणि निघताना एक काम घरातल्या एखाद्या चुणचुणीत भाच्याकडे सोपवावे. बस दारात आली की चालकाशेजारी जाऊन किलोमीटरचा आकडा आणि वेळ वहीत लिहायची, गॅरेजचा आकडा चालकाकडून विचारून घ्यायचा आणि त्याची सही घ्यायची. परत आल्यावर पुन्हा तेच. टोलच्या पावत्या त्याच वहीत खोचून ठेवायच्या. बिल आले की ती वही समोर ठेवावी, म्हणजे काकांना आवाज चढवावा लागत नाही.