वऱ्हाडांतील तळघर, पेंव व भुयार

अमरावतीचा तट बांधण्यास निजामाच्या अमदानींत इ. स. १८०७ मध्यें प्रारंभ झाला. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें, हा त्याचा हेतु. सव्वादोन मैलांच्या या वेढ्यास पांच दरवाजे व चार खिडक्या ठेविल्या होत्या. अशा तटाच्या आंत वस्ती दाटली कीं घरास पसरण्यास जागा उरत नाहीं. मग भूमीखालीं जावें लागतें.

भूमीखालील प्रत्येक पोकळीस लोक सरसकट भुयार म्हणतात, हें आम्हांस मान्य नाहीं. धान्यासाठीं खणलेला अरुंद तोंडाचा खड्डा तें पेंव. घराखालीं बांधलेली खोली तें तळघर. दोन तोंडें व मधून वाट असेल तेंच भुयार. कौटिल्यानेंहि भूमिगृह व सुरुंगा हे शब्द निरनिराळे योजिले आहेत.

वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. दर्यापूर तालुक्यांतील महिमापूरची सातमजली विहीर टिकली ती दगडी बांधणीमुळें. तेव्हां अकोल्याचा असदगड असो वा एखादी गढी, तेथून कोसभर भुयार निघाल्याची कथा ऐकल्यास विचारावें : माती कशानें तोलली? वारा कोठून आला? पाणी कोठें गेलें?

आज वाडे पाडून तेथें यंत्रानें नवीं तळघरें खणतात. जुनी पोकळी एका दिवसांत नाहींशी होते. म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, तेथें दप्तर सांपडल्यास तें उचलण्यापूर्वीं जागेचें माप, तोंडाची दिशा व भिंतीची बांधणी टिपून घ्यावी. ओले कागद उन्हांत न टाकतां सावलींत वाळवावे. ठिकाण हरपलें कीं कागदाची अर्धी साक्ष हरपते.